नुसतं एमबीबीएस

लग्नकार्यात नवी ओळख झाली की दोन प्रश्न ठरलेले असतात. "काय करता?" "डॉक्टर आहे." मग खुर्ची जवळ ओढली जाते आणि दुसरा प्रश्न येतो, "कशाच्या?" मी सांगते, एका कशाच्या नाही, सगळ्याच्याच. इंदूरला रामबागेत दवाखाना आहे, फॅमिली डॉक्टर आहे. "अच्छा," म्हणून माणूस जरा मागे रेलतो. "म्हणजे नुसतं एमबीबीएस." आणि थोड्या वेळाने हातात ताट घेऊन तोच माणूस मला कोपऱ्यात गाठतो आणि हळूच विचारतो, हृदयवाल्यांनी, हाडवाल्यांनी आणि पोटवाल्यांनी दिलेल्या गोळ्या एकत्र घेतल्या तर चालतात का हो?

त्या गर्दीत, गुलाबजाम समोर असताना, त्याला नीट उत्तर देता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

आमचं घर मिलचं. वडील इंदूरच्या एका कापड मिलमध्ये टाइमकीपर होते, आजोबा होळकर सरकारच्या कचेरीत कारकून. पुण्याच्या आत्याला आमचं "तुम्ही कधी येऊन राहिले" ऐकून हसू आवरायचं नाही, आणि आम्हाला तिच्या शेवेशिवायच्या पोह्यांचं. घरात डॉक्टर कोणीच नव्हतं, पण गल्लीच्या तोंडाशी एक होते. जुन्या किंग एडवर्ड मेडिकल स्कूलमधून एलएमपी, म्हणजे त्या काळची डॉक्टरकीची पदविका, घेतलेले, धोतरावर कोट घालणारे. त्यांचा कंपाउंडर गुलाबी मिक्श्चरच्या बाटलीवर कात्रीने कंगोरे कापलेली कागदाची पट्टी चिकटवून द्यायचा, एक कंगोरा म्हणजे एक डोस. या सगळ्याचं लोक आता कौतुक करतात, पण खरं सांगायचं तर त्या मिक्श्चरमध्ये फारसं काही नसायचं.

खरी वस्तू त्यांच्या कपाटात होती. त्यांच्याकडे माणसागणिक केसपेपर नव्हते, घरागणिक वही होती. आमच्या वहीत आजीचा दमा, काकांची दारू, माझे टॉन्सिल, आईची बाळंतपणं, सगळं एकापाठोपाठ. एकदा आईला सारखी डोकेदुखी व्हायला लागली म्हणून ती मला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी नाडी पाहायच्या आधी वही काढली, चार पानं मागे उलटली, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, दीर परत सुरू झाले काय?" आई रडायला लागली. त्या दिवशी त्यांनी औषध दिलं की नाही मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते काकांशी बोलायला आमच्या ओट्यावर येऊन बसले, हे मात्र पक्कं आठवतं.

हे पाहून मी डॉक्टर व्हायचं ठरवलं वगैरे काही नाही. मला इंजिनियर व्हायचं होतं. गणिताने साथ दिली नाही.

इंदूरचं मेडिकल स्कूल १८७८चं, देशातल्या जुन्यांपैकी. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, त्याचं महात्मा गांधी स्मृती मेडिकल कॉलेज झालं. त्या पहिल्या तुकडीत एकच मुलगी होती, महिदपूरच्या मराठी घरातली भक्ती. पुढे डॉ. भक्ती यादव म्हणून सगळं शहर त्यांना ओळखत होतं. मोठ्या नोकऱ्यांच्या मागे न लागता त्यांनी सगळी हयात मिल भागातल्या बायकांची बाळंतपणं करण्यात घालवली. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या, नव्वदी ओलांडून. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा त्यांचं नाव व्याख्यानात कधी निघालं नाही. वडिलांच्या मिलमधल्या बायका मात्र त्यांचं नाव देवाच्या खालोखाल घ्यायच्या. हा फरक तेव्हा मला जाणवला नव्हता.

शिकलो ते एम.वाय.मध्ये. महाराजा यशवंतराव चिकित्सालय हे पूर्ण नाव फक्त सरकारी कागदावर, बाकी सगळ्यांना ते एम.वाय. सात मजली इमारत, खांडव्यापासून रतलामपर्यंतचे पेशंट, एका खाटेवर कधी दोन. तिथे जे पाहायला मिळालं ते जगात कुठे मिळालं नसतं. फडफडणारी हृदयं, पाण्याने भरलेली पोटं, सापाचं विष, विहिरीत पडलेली मुलं. इंटर्नशिप संपली तेव्हा आम्हाला वाटत होतं की आजार म्हणजे हेच.

१९६१ साली अमेरिकेतले डॉक्टर केर व्हाइट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक साधा हिशोब मांडला होता. तो मला फार उशिरा वाचायला मिळाला. हजार मोठी माणसं घ्या. महिन्याभरात त्यांतल्या साडेसातशेंना काही ना काही दुखतं-खुपतं. त्यांतले अडीचशे डॉक्टरकडे जातात. नऊ जण दवाखान्यात भरती होतात. पाचांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं. आणि मेडिकल कॉलेजच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो फक्त एक. आकडे अमेरिका-इंग्लंडचे आणि जुने आहेत, आपल्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण आम्हाला पाच वर्षं शिकवलं गेलं ते त्या एकावर. उरलेल्या दोनशे एकोणपन्नासांचं काय करायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि माझ्या दवाखान्यात गेली इतकी वर्षं तेच येतात. सरकारने आरोग्यसेवेचा आराखडा करायला नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्येच लिहून ठेवलं होतं की डॉक्टर घडवायचा तो समाज ओळखणारा घडवा. आजही एमबीबीएसच्या वर्गात फॅमिली मेडिसीन हा वेगळा विषय म्हणून शिकवला जात नाही.

मला जे थोडंफार आलं ते आधी धार जिल्ह्यात, एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर. तिथे एक सवय लागली, काम विचारायची. नोकरी नव्हे, काम. हाताने नक्की काय करता, कुठे, त्या वेळी तोंडावर काय असतं. भिल्ल पोरं पंचविशीत दम लागून यायची. टीबीचा कोर्स पुरा व्हायचा आणि दम तसाच राहायचा. ही पोरं मजुरीला गुजरातेत, गोधऱ्याकडे, दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यांत जात होती. ती भुकटी फुप्फुसात बसली की निघत नाही, त्यावर औषध नाही. पुढे काही कार्यकर्त्यांनी झाबुआ, अलीराजपूर, धारमधल्या या सिलिकोसिसच्या नोंदी गोळा केल्या, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत नेल्या आणि २०१० मध्ये आयोगाने अशा २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. स्टेथोस्कोपने हे कळत नाही. "कामाला कुठे जातोस भाऊ?" या प्रश्नाने कळतं.

आणि मग लक्षात आलं, हे तर मी घरीही पाहिलं होतं. वडिलांच्या मिलमधल्या कताई खात्यातल्या लोकांची छाती सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी भरून यायची, आठवडा सरता सरता मोकळी व्हायची. कापसाच्या धुळीने होणारा दमा असाच वागतो. कामगार म्हणायचे, सुट्टीत आराम झाला म्हणून अंग धरलं.

इंदूरला परत येऊन दवाखाना टाकला तेव्हा मिलांना घरघर लागलेली होती. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली, आणि तिथल्या कामगारांच्या हातात थकलेले पैसे पडायला २०२३चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं. या मधल्या काळात ती माणसं कोणाकडे गेली असतील? मानसोपचारवाल्यांकडे तर नक्कीच नाही. ती माझ्यासारख्यांकडे आली, ब्लडप्रेशर घेऊन, न लागणारी झोप घेऊन, "जी घबरा रिया हे" म्हणत. बायका कंबरदुखी घेऊन आल्या, कारण आता त्या चार घरची धुणीभांडी करत होत्या. त्यांच्या केसपेपरवर मी निदानाच्या रकान्यात काय लिहायचं?

तेव्हापासून मीही घरागणिक वही ठेवते. आता ती संगणकात आहे, भाचीने करून दिली. पण नावं घराच्याच खाली आहेत.

दवाखान्याचं बरंचसं काम म्हणजे ताप. पाऊस लागला की रांग बाहेर ओट्यापर्यंत जाते. माळव्यात टायफॉइडला मोतीझरा म्हणतात, आणि मोतीझऱ्याचा धाक इतका की घरात फोडणीसुद्धा बंद होते. त्यात विडाल नावाची तपासणी. दोन दिवसांच्या तापात लोक परस्पर ती करून कागद आणतात, "टायफॉइड निकला." या तपासणीत शरीराने पूर्वी कधी तरी तयार केलेली प्रतिद्रव्यंही सापडतात, त्यामुळे आपल्यासारख्या देशात धडधाकट माणसाचीही ती कधी कधी पॉझिटिव्ह येते. खरा पुरावा म्हणजे पहिल्या आठवड्यातलं, अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घेतलेलं ब्लड कल्चर. त्याला दिवस लागतात, पैसे जास्त पडतात. म्हणून विडाल चालते आणि साध्या व्हायरल तापाला दहा दिवसांची इंजेक्शनं टोचली जातात. या विषयावर मी जरा जास्तच बोलते असं माझ्या घरचे म्हणतात.

डेंग्यूचं उलटं. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं, पपईच्या पानांचा रस आणि बकरीचं दूध शोधत फिरतं, आणि ताप उतरला की सुटकेचा श्वास टाकतं. धोका त्याच वेळी असतो. ताप उतरताना पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, माणूस गुंगल्यासारखा होणं, यांतलं काहीही दिसलं तर आकडा कितीही असो, दवाखाना गाठायचा. मी हे तोंडी सांगत नाही, कागदावर लिहून देते. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नाही. गुरुवारपर्यंत ताप असला तर परत या. या खुणांपैकी काही दिसलं तर वाट न पाहता एम.वाय. किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

म्हणजे थांबणं हेही औषधच आहे, पण कशासाठी थांबायचं आणि किती, हे ठरवून. पन्नाशीचा माणूस "गॅस वर चढलाय" म्हणून घाम पुसत आला तर मी एक मिनिट थांबत नाही. आधी इसीजी, मग गॅसवर चर्चा.

डॉक्टर लोक पेशंटला बोलू देत नाहीत हा आरोप जुना आहे आणि मोजलेलाही आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत दोघांनी तपासणीच्या ध्वनिफिती ऐकल्या. पेशंटने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी अठरा सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. मला पटकन पटलं, कारण सेकंद मोजले नसले तरी मी रोज तो मोह आवरते. आता माझा नियम असा की पहिलं वाक्य त्यांचं, दुसरंही त्यांचं, आणि मी लिहायला सुरुवात करायची ती तिसऱ्या वाक्याला. आमचे इंदुरी पेशंट तसे बोलायला कमी नाहीत. पण ज्यासाठी आलेत ते शेवटी सांगतात. खोकल्याचं औषध घेऊन झालेलं असतं, पिशवी उचललेली असते, दाराचा पडदा हातात असतो, आणि मग, "बरं डॉक्टर, ते... मुलगी जरा जेवत नाही आजकाल." तेव्हा मी पेन परत उघडते. बाहेरचे कुरकुरतात. कुरकुरू देत.

आता पिशवीबद्दल. लग्नात भेटलेल्या त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे, पिशवी घेऊन या. प्रिस्क्रिप्शन नको, पिशवी. घरात जे जे म्हणून आहे ते सगळं, चूर्णासकट.

सुदामानगरहून एक आजी येतात, सत्तरीच्या पुढच्या. शनिवारी त्यांचा नातू त्यांना स्कूटरवर सोडून जातो. तक्रार काय, तर तोल जातो. मी टेबलावरचं सगळं बाजूला केलं आणि म्हटलं, "आजी, ओता." त्यांनी ओतलं. सराफ्यातल्या मिठाईच्या दुकानाची कापडी पिशवी होती. त्यातून निघालं ते असं. ब्लडप्रेशरची अ‍ॅम्लोडिपिन, दहा मिलिग्रॅमची. ब्लडप्रेशरचीच टेल्मिसार्टन एका कंपनीची, आणि टेल्मिसार्टनच दुसऱ्या कंपनीची, वेगळ्या नावाने. ती एका शिबिरात मिळाली होती आणि आजींच्या लेखी ती "ताकदीची" होती. गुडघ्यासाठी इटोरिकॉक्सिब. लघवीची गोळी. झोपेची गोळी. चक्करची गोळी. ॲसिडिटीची तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली तीन पाकिटं. कॅल्शियम, साबुदाण्यासारख्या होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली आणि वर्तमानपत्रात बांधलेलं कसलं तरी चूर्ण.

मी एकेक पाकीट हातात घेऊन विचारत गेले, "ही कधी सुरू झाली? कशासाठी?" आजींची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. अ‍ॅम्लोडिपिन आधीपासून होती, मागच्या दिवाळीत ती पाचाची दहा झाली. नंतर पाय सुजले. त्यात गुडघ्याची गोळी आली, तीही पाणी धरून ठेवते आणि प्रेशर वाढवते. सूज पाहून दुसऱ्या कोणी लघवीची गोळी दिली. तिच्यामुळे आजी रात्रीतून चारदा उठायला लागल्या. झोप होईना म्हणून झोपेची गोळी. त्या गोळीने सकाळी तोल जायला लागला. तोल जातो म्हणून चक्करची गोळी. एकावर एक रचलेली ही उतरंड होती, आणि प्रत्येक मडकं ठेवणाऱ्याने आपल्यापुरतं बरोबरच ठेवलं होतं. खालचं मडकं कोणी पाहिलं नव्हतं, कारण ते पाहणं कोणाचंच काम नव्हतं. शिवाय टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि गुडघेदुखीची गोळी हे त्रिकूट म्हाताऱ्या मूत्रपिंडांना फार जड जातं, ते वेगळंच.

मूत्रपिंडं कशी आहेत ते पाहायला क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घेतली. गुडघ्याची गोळी त्याच दिवशी बंद केली, दुहेरी टेल्मिसार्टनमधली एक काढली. हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, त्यांच्याशी बोलून अ‍ॅम्लोडिपिन कमी केली. सूज उतरल्यावर लघवीची गोळी गेली. झोपेची गोळी एकदम तोडायची नसते, ती आठवड्या-आठवड्याने अर्धी, पाव करत सोडवली. आता पिशवीत पाच वस्तू आहेत. चूर्ण मी ठेवलं, त्यात काही नव्हतं आणि आजींचा त्यावर जीव होता. गुडघे दुखतातच, त्याला शेक आणि खुर्चीत बसून करायचे व्यायाम. पण आजी माझ्यावर थोड्या नाराज आहेत. "एवढ्या गोळ्या बंद केल्या, डॉक्टर? माझ्यावर आशा सोडली काय तुम्ही?"

अजूनही घरी जाऊन तपासणारे डॉक्टर इंदूरात उरलेत थोडे, त्यांत मी एक. सेवाभाव वगैरे म्हणू नका, मला तिथे माहिती मिळते. दवाखान्यात बीपी एकशे साठ लागलेला माणूस घरी आपल्या झोपाळ्यावर एकशे तीस असतो. संडास अंगणाच्या पलीकडे आहे आणि मधे दिवा नाही, हे पाहिल्यावर रात्रीची लघवीची गोळी लिहायला हात धजत नाही. इन्सुलिन फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवलेलं सापडतं, म्हणजे ते वाया गेलेलंच. आणि डायनिंग टेबलावर उज्जैनी शेवेचा, लवंगेच्या शेवेचा आणि साध्या शेवेचा, असे तीन डबे रांगेत.

इंदूरमध्ये मधुमेह्याला शेव बंद करा सांगणाऱ्या डॉक्टरचा पेशंट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे असतो. इथे पोह्यांवर शेव, साबुदाण्याच्या खिचडीवर शेव, वरणभातावरही शेव टाकणारी माणसं माझ्या घरात आहेत. म्हणून मी सौदा करते. पोहे-जिलेबीतली जिलेबी रविवारी, एक, आणि त्या दिवशी शिकंजी नाही. शेव चमच्याने मोजून, डब्यातून मुठीने नाही. थंडीत सराफ्यात गराडू खायला जायचं तर जा, पण घरून चालत जा. एकादशी, चातुर्मास, हरितालिका यांची यादी मी आधीच विचारून ठेवते, कारण ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेऊन निर्जळी उपास करणाऱ्या बाईची साखर दुपारी पायरीवरच घसरते. "उपास करू नका" म्हटलं तर ती उपास करणारच, मला न सांगता. त्यापेक्षा "त्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही, आणि हातपाय थरथरले, घाम फुटला तर साखर तोंडात टाकायची, देवाला मी सांगते" हे चालतं.

वेल्समधल्या एका खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. कशासाठीही आलेल्या प्रत्येक माणसाचं ते ब्लडप्रेशर मोजायचे, न येणाऱ्यांना शोधून मोजायचे. १९७१ मध्ये त्यांनीच लिहिलं की ज्यांना उपचारांची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्यापर्यंत ते सगळ्यात कमी पोचतात. मी त्यांच्याकडून पहिली गोष्ट उचलली आहे. सासूला घेऊन आलेल्या सुनेचा दंडही मी पट्ट्यात अडकवते. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला, बोलायचं नाही. इंदुरी माणसाला यातलं शेवटचं सगळ्यात कठीण.

इतक्या ओळखीचा धोकाही असतो, तो सांगायला हवा. वीस वर्षं जिची पाठ दुखते तिची पाठ एकविसाव्या वर्षी वेगळ्या कारणाने दुखू शकते, आणि "यांचं नेहमीचंच" म्हणणारा डॉक्टर ओळखीमुळेच आंधळा होतो. म्हणून वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या महिन्यात, मी प्रत्येक जुन्या पेशंटला नव्यासारखं तपासते. नाव काय, काम काय, काय होतंय. लोकांना हसू येतं. एक मामा दर वेळी आपलं नाव वेगळंच सांगतात.

कट प्रॅक्टिसबद्दल, म्हणजे पेशंट पाठवल्याच्या बदल्यात डॉक्टरला मिळणाऱ्या वाट्याबद्दल, बाहेर कुजबुज चालते तेवढी खरी आहे. दवाखाना सुरू केला त्या काळात एका तपासणी केंद्राचा माणूस दर महिन्याच्या पाच तारखेला पाकीट घेऊन यायचा. मी ते परत द्यायचे. तो दुखावला नाही, गोंधळला. "मॅडम, सब लेते हैं." शेवटी मी त्याला सांगितलं की पाकिटातली रक्कम माझ्या पेशंटच्या बिलातून कमी करा. त्यावर तो यायचा बंद झाला, सवलतही कोणाला मिळाली नाही.

ओळखीने माणसं खरंच जास्त जगतात का, की ही आमची आमच्यापुरती समजूत? नॉर्वेत पंचेचाळीस लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवर एक अभ्यास झाला, २०२२ मध्ये तो ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिसच्या नियतकालिकात आला. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांना, वर्षभरापुरती ओळख असलेल्यांच्या तुलनेत, रात्रीबेरात्री धावाधाव करण्याची, तातडीने भरती होण्याची आणि मृत्यूची शक्यता पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी दिसली. नुसत्या नोंदींच्या अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही, हेही त्यांनीच म्हटलंय. पण एवढा फरक दाखवणारी एखादी गोळी निघाली असती तर तिच्या जाहिराती राजवाड्याच्या चौकात लागल्या असत्या.

आणि मग फी. रक्ततपासणीचे हजार रुपये निमूट मोजणारा माणूस माझ्यासमोर हिशोब मांडतो. लोकमान्यनगरचे एक काका, निवृत्त बँकवाले, परवा अर्धा तास बसले. मुलगा बंगळुरूला, बायको जाऊन वर्ष झालेलं, छातीत धडधड. इसीजी नीट, थायरॉइड नीट, हिमोग्लोबिन नीट. दिवसाला सहा कप चहा आणि रात्री दोनपर्यंत फोनवर बातम्या. आम्ही चहावर बोललो, मग बायकोवर बोललो, मग संध्याकाळी नेहरू पार्कात कोण कोण येतं यावर. मी कागदावर लिहिलं, चहा दोन, फोन दहाला बंद, गोळी नाही, पंधरा दिवसांनी या. काका उठले, खिशात हात घातला आणि थांबले.

"डॉक्टर, आज औषध तर काही दिलं नाही तुम्ही."

"नाही दिलं."

"मग फी?"

"तीनशे."

त्यांनी पाचशेची नोट काढली, सुट्टे मागितले, मोजून घेतले. पंधरा दिवसांनी परत आले तेव्हा चहा चारवर होता, आणि ते तिसऱ्या कपाबद्दल घासाघीस करायला बसले.